एक रायफल, दोन कामं: जालना जिल्ह्यातल्या पॉइंट २२ खरेदीचं प्रकरण

(नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

अंबड तालुक्यातले एक माध्यमिक शिक्षक, वय ३६. तीन वर्षं १० मीटर एअर रायफल मारत होते, जिल्हा आणि विभागीय पातळीवर बऱ्यापैकी गुण पडत होते. घरची साडेचार एकर मोसंबी. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या नावावर पीकसंरक्षणाचा जुना परवाना आणि एक बारा बोअर छर्‍यांची बंदूक.

२०२२ च्या दिवाळीनंतर त्यांनी पॉइंट २२ (०.२२ इंच गोळीची) बोल्ट-अॅक्शन रायफल, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायची रायफल, घ्यायचं ठरवलं. कारणं दोन. पहिलं, ५० मीटर प्रोन (पालथं झोपून मारायच्या) प्रकारात उतरायचं. दुसरं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. नव्या लागवडीतली मोसंबीची रोपं ससे बुंध्याशी सोलत होते, तेव्हा ‘रेंजवरून आल्यावर शेतातही कामाला येईल’. इंटरनेटवरच्या परदेशी परीक्षणांत ‘टार्गेट आणि लहान शिकार, दोन्हींसाठी एकच रायफल’ असा एक वर्गच असतो. त्यांनी तोच मनात धरला होता.

खरी अडचण कुठे होती

तो वर्ग जिथून येतो, तिथे ससा आणि खार मारायला हंगामी परवाना मिळतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार परिशिष्टातल्या वन्य प्राण्यांची शिकार बंद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टं सहावरून चार झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण ससा-तितर मोकळे झाले असा तिचा अर्थ होत नाही. रानडुक्कर आणि रोही पिकांचं नुकसान करत असतील तर वनविभागाकडे परवानगी मागायची वेगळी वाट आहे. त्या कामाला पॉइंट २२ मात्र अजिबात लावू नये. ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी नळीतून सुमारे १४० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. एवढ्यात रानडुक्कर मरत नाही. जखमी होऊन उसात शिरतं आणि सकाळी पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या अंगावर येतं.

त्यात भर जमिनीची. आपला भाग सपाट, बांध दगडी. ही गोळी दीड किलोमीटरपर्यंत सहज जाते, आणि शिशाची मऊ गोळी दगडावरून किंवा पाण्यावरून उसळते. क्रीडा कारणासाठी मिळालेल्या परवान्यावर शेतात बार काढला तर परवाना जाईल आणि गुन्हाही दाखल होईल.

प्रशिक्षकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला: “सर, ससं हाकलायचंय का टार्गेटवर दहाचा गोल मारायचाय? अर्जात एकच कारण लिहिता येतं.”

हा पहिला निर्णयबिंदू. सशांचा प्रश्न शेवटी कोंबडीजाळीने सुटला. दोन फूट उंचीचे गोल पिंजरे करून प्रत्येक रोपाभोवती बसवले आणि खालची कड चार बोटं मातीत गाडली. खर्च एका दुर्बिणीपेक्षा कमी आला. रायफल आता फक्त कागदी टार्गेटसाठी घ्यायची होती.

दोन्ही कामांची रायफल म्हणजे काय, आणि ती का टाळावी

कायदा बाजूला ठेवला तरी दोन्ही कामांच्या मागण्या एकमेकींच्या उलट आहेत. खांद्याला लावून रानात फिरायची रायफल अडीच-तीन किलोची, नळी बारीक, दस्ता साधा, ट्रिगर दीड-दोन किलोचा, चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची पोकळी) किंचित सैल. चेंबर सैल असतं ते मळकं काडतूसही अडकू नये म्हणून. टार्गेट रायफलला वजन हवं (५० मीटर रायफलची आंतरराष्ट्रीय कमाल मर्यादा ८ किलो आहे), जाड नळी हवी, गालाची पट्टी आणि खांद्याला टेकणारी बट-प्लेट सरकणारी हवी. तिचं चेंबर इतकं घट्ट असतं की काडतूस शेवटचा मिलिमीटरभर अंगठ्याने दाबून बसवल्यासारखं जातं आणि गोळीवर रायफलिंगचे, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचांचे, बारीक ओरखडे उमटतात.

शिवाय ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दुर्बीण चालत नाही. नेम धरायला मागे डायऑप्टर (बारीक भोकाचं साइट), पुढे रिंगचं ग्लोब साइट. ही गोष्ट ठाऊक असूनही आमच्या शिक्षकांनी परवाना हातात पडण्याआधीच दुर्बीण घेतली होती, तीही सवलतीत मिळाली म्हणून. त्याबद्दल पुढे येईलच.

टार्गेटचा आकार एकदा डोळ्यांसमोर आणावा. ५० मीटरवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, नऊचा २६.४. शर्टाच्या साध्या बटणाएवढा दहा. रायफल आणि काडतूस मिळून पाच गोळ्या २५ मिलिमीटरच्या वर्तुळात टाकत असतील, तर मारणारा कितीही स्थिर असला तरी नऊ पडत राहणार.

परवाना: कारण, क्षेत्र आणि संख्या

अर्ज नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन भरला, नमुना ए-१. पुढे पोलीस पडताळणी, क्लबचं सदस्यत्वपत्र, स्पर्धांची प्रमाणपत्रं, घरात शस्त्र ठेवण्याच्या लोखंडी कपाटाचा तपशील. परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाला. यातल्या तीन गोष्टींनी पुढचं सगळं ठरवलं.

क्षेत्र. मराठवाड्यात १० मीटरचे हॉल बरेच आहेत, पण ५० मीटरचा नियमित सराव म्हटलं की गाडी पुण्याच्या बालेवाडीकडे वळते. परवाना जिल्ह्यापुरता असेल तर जिल्ह्याची हद्द ओलांडता येत नाही. त्यांनी अर्जातच ‘महाराष्ट्र राज्य’ मागितलं आणि कारण म्हणून रेंजचं पत्र जोडलं. हे त्यांनी बरोबर केलं.

काडतुसं. एकावेळी किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. त्यांनी हा रकाना कारकुनाच्या सल्ल्याने भरला आणि आकडा बारा बोअरच्या हिशेबाचा पडला. प्रोनचा एक सामना ६० गोळ्यांचा. त्याआधीच्या सरावाच्या गोळ्या वेगळ्या. रेंजवरच्या एका दिवसात शंभर काडतुसं सहज संपतात. आकडा वाढवून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा चार महिने.

शस्त्रांची संख्या. २०१९ च्या शस्त्र अधिनियम दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोन बंदुका (आधी तीन), आणि वारसाने आलेलं शस्त्रही त्यातच मोजलं जातं. अण्णांची बारा बोअर पुढे त्यांच्याकडे येणार असेल, तर पॉइंट २२ साठी एकच जागा उरते, असा त्यांनी हिशेब केला. (मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला टार्गेट सरावाच्या पॉइंट २२ साठी या मर्यादेतून कायद्यात सूट आहे, ती आपल्याला लागू होते का हे आधी विचारून घ्यावं.) ‘आधी स्वस्तातली घेऊ, नंतर चांगली’ हा बेत तिथेच संपला.

समोरचे पर्याय

परदेशी मॅच रायफल, म्हणजे आन्शुट्झ, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ या वर्गातली. ती आयात करायची वाट नामांकित नेमबाजांना आहे: राष्ट्रीय स्पर्धेतली कामगिरी आणि राष्ट्रीय संघटनेची शिफारस. नव्याने उतरणाऱ्याला ती खुली नाही. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला.

परदेशातले आजचे लोकप्रिय स्पोर्टर, म्हणजे साध्या हलक्या पॉइंट २२ रायफली (सीझेड ४५७, टिक्का टी१एक्स, रुगर अमेरिकन) यूट्यूबवर रोज दिसतात. आपल्या दुकानात दिसत नाहीत. त्यांची तुलना करण्यात त्यांनी दोन महिने घालवले. ते दोन महिने इथे नोंदवून ठेवतो, कारण जवळपास प्रत्येक नवा अर्जदार ते घालवतो.

देशी नवी रायफल. ईशापूरच्या कारखान्यात बनणारी पॉइंट २२ बोल्ट-अॅक्शन, पाच काडतुसांचं मॅगझीन. नवी, कागदपत्रं सरळ, सुटे भाग मिळण्यासारखे.

जुनी ब्रनो मॉडेल २. चेकोस्लोव्हाकियातली, सीझेड ४५२ ची पूर्वज. १९८० च्या दशकात आयात आवळली गेली, त्याआधी देशात आलेल्या या रायफली आज हातोहात फिरतात आणि वयाच्या मानाने किंमत भरपूर असते. परभणीच्या एका निवृत्त परवानाधारकाची एक विक्रीला होती.

चौथा पर्याय रायफल न घेण्याचा: क्लबची रायफल रेंजवर वापरायची, वर्षभर बघायचं. प्रशिक्षकांचा कौल याला होता. शिक्षकांचा नव्हता. माणसाला परवाना मिळाला की कपाट रिकामं बघवत नाही.

तपासणी आणि चाचणी

ऑक्टोबर २०२३ मध्ये विक्रेते स्वतः आपल्या परवान्यावर ब्रनो घेऊन रेंजवर आले. देशी नवी रायफल क्लबमधल्या दुसऱ्या सदस्याची होती. दोन्ही तिथेच, त्यांच्या मालकांसमोर आणि रेंज अधिकाऱ्यासमोर मारल्या.

जुनी रिमफायर बघताना लाकडाच्या पॉलिशवर जाऊ नये. रिमफायर काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो आणि पिन कडेवर आपटते. रिकाम्या चेंबरवर वारंवार ट्रिगर दाबला असेल, तर पिन सरळ चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथे खाच पडते. खाचेचा उंचवटा आत आला की काडतूस बसताना अडतं, आणि कडेला आधार न राहिल्याने मिसफायर (काडतूस न उडणं) वाढतात. बोल्ट काढून, टॉर्च लावून, काठावर नख फिरवलं की हे कळतं. या ब्रनोला हलकी खूण होती, उंचवटा नव्हता.

मग नळी. बोल्टच्या बाजूने सळईवर घट्ट कापड घालून सावकाश ढकललं. सगळीकडे सारखा दाब लागला पाहिजे. मध्येच सैल लागलं तर नळी तिथे फुगलेली किंवा खाल्लेली. तोंडाची कड भिंगाने पाहिली. वर्षानुवर्षं तोंडाकडून सळई घालून साफ केलेल्या रायफलीची कड एका बाजूला झिजलेली असते, आणि ते नुकसान घरी भरून येत नाही. ही ठीक होती.

चाचणी प्रत्येक काडतुसाच्या पाच-पाच गोळ्यांच्या पाच ग्रुपची, वाळूच्या पिशवीवरून, ५० मीटरवर. ग्रुप म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा फैलाव, जितका लहान तितका चांगला. काडतूस बदललं की आधी दहा गोळ्या नुसत्या सोडायच्या, कारण नळीत आधीच्या काडतुसाच्या वंगणाचा थर असतो आणि नवा थर बसेपर्यंत ग्रुप खोटं बोलतो. सरासरी अशी आली. सहज मिळणाऱ्या साध्या काडतुसावर ब्रनो ३१ मिलिमीटर, नवी रायफल २७. क्लबच्या कोट्यातल्या आयात मॅच काडतुसावर ब्रनो १७, नवी २२. वेगवान काडतूस दोन्हीत वाईट, ३५ च्या वर. ते साधारण ३८० मीटर प्रति सेकंदाने सुटतं, ध्वनीच्या वेगाखाली उतरताना डळमळतं, आणि आडव्या वाऱ्यात सरकतंही जास्त. मॅच काडतूस मुद्दाम ३२०-३३० च्या आसपास ठेवतात ते म्हणूनच.

दुसरा निर्णयबिंदू इथे होता आणि तो चुकला. १७ हा आकडा डोळ्यांत भरला. पण आयात काडतुसं या शिक्षकांना नियमित मिळणार होती का? नाही. कोट्यातून, स्पर्धेपुरती, कधी दोन डब्या, कधी काहीच नाही. वर्षातल्या दहा गोळ्यांपैकी नऊ साध्या काडतुसाच्या असणार होत्या, आणि त्या काडतुसावर नवी रायफल पुढे होती. प्रशिक्षकांनी हे बोलूनही दाखवलं. ब्रनोचा बोल्ट मात्र लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरत होता. निर्णय तिथेच होऊन गेला.

खरेदी

खासगी परवानाधारकाकडून शस्त्र घेताना शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे विक्रेत्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं असतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं असतं. विक्रेत्यांनी पत्र दिलं, पण पोच घेतली नाही. डिसेंबरमध्ये ठाण्यात ते पत्र सापडेना. पुन्हा पत्र, पुन्हा ४५ दिवस. रायफल हातात आली फेब्रुवारी २०२४ मध्ये. पोचपावतीचा एक शिक्का नव्हता म्हणून दोन महिने गेले.

काय काय बिघडलं

पहिली दुर्बीण. ती मोठ्या बोअरसाठीची, ४० मिलिमीटर काचेची, पॅरालॅक्स १०० यार्डांवर पक्का केलेला. ५० मीटरवर डोळा काचेच्या मध्यापासून पार कडेला सरकला तर निशाणा ९ मिलिमीटरपर्यंत खोटा दिसतो, म्हणजे जवळजवळ अख्खा दहाचा गोल. त्यांनी महिनाभर दोष काडतुसाला दिला. दुर्बीण चाचणीपुरती ठेवायची तरी रिमफायरची, ५० यार्डांवर बसवलेली हवी.

मग डायऑप्टर. ब्रनोच्या बॉडीवर ११ मिलिमीटरची डव्हटेल (साइट सरकवून बसवायची खाच) असल्याने मागचं साइट सहज बसलं. पुढचं मूळ साइट बुटकं. डायऑप्टर तळाला नेऊनही गोळ्या सहा-सात सेंटीमीटर वर. इथलं गणित सोपं आहे: दोन साइटमधलं अंतर ७०० मिलिमीटर, टार्गेट ५०,००० मिलिमीटरवर, म्हणजे साइटवरचा १ मिलिमीटर टार्गेटवर ७१ होतो. पुढचं साइट १ मिलिमीटर उंच केलं की गोळी ७१ खाली येणार. परवानाधारक गनस्मिथकडून ग्लोब साइटखाली पट्टी घालून घेतली आणि प्रश्न मिटला. हे मोजमाप खरेदीआधी, पट्टी आणि पेन्सिल घेऊन, दहा मिनिटांत झालं असतं.

ट्रिगरचा त्रास वेगळा. एअर रायफलचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास, ब्रनोचा जवळपास दीड किलो. सवय होईपर्यंत गोळ्या उजवीकडे खाली जात राहिल्या. स्प्रिंग कापून हलका करायचा सल्ला कुणीतरी दिला होता. तो त्यांनी ऐकला नाही, हे फार बरं. अशा रायफलीचा बोल्ट जोरात बंद केला की ती आपोआप सुटू शकते.

सगळ्यात मोठं नुकसान निवडणुकीत झालं. आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या निर्णयाप्रमाणे परवानाधारकांना शस्त्र ठाण्यात जमा करावं लागतं. मार्च ते जून २०२४ रायफल ठाण्यात होती. उन्हाळ्यात ती कोरडी राहिली. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा रायफल आदल्याच आठवड्यात पावसात भिजून आली होती. नळी पुसली होती, पण पेटीतला स्पंज आतून ओला होता. त्याच पेटीत ती सहा-सात आठवडे बंद राहिली. डिसेंबरच्या सुरुवातीला झाकण उघडलं तर ज्या जागी तळहात टेकतो तिथे नळीवर तांबूस पंजा उमटलेला, आणि तोंडापासून दोन बोटं आत गंजाचे ठिपके. बाहेरचा पंजा तेल आणि बारीक स्टील वूलने गेला. आतले ठिपके कायमचे. ते शिसं धरून ठेवतात. आता तीस-चाळीस गोळ्यांनंतर ग्रुप उघडायला लागतो.

संघटनेच्या सदस्य नेमबाजांना स्पर्धेसाठी या जमा करण्यातून सूट मिळू शकते. त्यासाठी संघटनेचं पत्र घेऊन समितीकडे वेळेत अर्ज करावा लागतो. त्यांना हे कळलं तेव्हा पावती फाडून झाली होती. आणि २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या बीड जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांची छाननी होऊन बरेच परवाने रद्द झाले. त्यानंतर इकडच्या कार्यालयांतही तोंडी बोलून काही होत नाही, सगळं कागदावर लागतं.

निष्पत्ती

पहिल्या स्पर्धेत साध्या काडतुसावर ६०० पैकी ५२७. सहा महिन्यांनी, क्लबने दिलेल्या मॅच काडतुसाच्या दोन डब्यांवर, ५६१. रायफल तीच, माणूस तोच, सरावही फार वाढला नव्हता. हा ३४ गुणांचा फरक बहुतेक काडतुसाचा, हे चाचणीच्या ऑक्टोबरमध्येच कागदावर दिसत होतं.

दरम्यान त्यांनी साध्या काडतुसातही एक मार्ग काढला. एकाच लॉट क्रमांकाच्या डब्या परवान्यात बसतील तेवढ्या एकदम घ्यायच्या. त्याआधी दुकानात असलेल्या दोन-तीन लॉटची एकेक डबी रेंजवर मारून बघायची. एका लॉटवर ब्रनो २४ वर आली, दुसऱ्यावर ३५. डबीचा रंग तोच, छापील वेग तोच. मिसफायर झालं की रायफल टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबायचं, मग बोल्ट उघडायचा. ते काडतूस वळवून पुन्हा मारत बसायचं नाही. बाजूला ठेवायचं आणि वहीत लिहायचं. रिकाम्या पुंगळ्याही मोजून ठेवायच्या, हिशेब कधीही मागतात.

वेगळं काय करता आलं असतं

प्रशिक्षकांचं मत आजही तेच: पहिलं वर्ष क्लबच्या रायफलीवर काढायला हवं होतं. मला ते अर्धंच पटतं. परवान्याला नऊ महिने लागतात, तेवढं क्लबचं वर्ष आपोआप होतंच, अर्ज टाकून त्याच काळात मारत राहावं. खटकतं ते दुसरंच. त्या नऊ महिन्यांत साधं काडतूस किती मिळतं, कुठून, कोणत्या लॉटचं, हे एकदाही विचारलं गेलं नाही. काडतुसाचा पुरवठा आधी पक्का करून त्यावर रायफल निवडली असती, तर नवी देशी रायफल घरात असती आणि वाचलेल्या पैशांत जॅकेट, स्लिंग (रायफल हाताला धरून ठेवणारा पट्टा) आणि चटई आली असती. प्रोनमध्ये चांगली स्लिंग किती गुण देते ते रायफल बदलणाऱ्यांना सहसा उशिरा समजतं.

ब्रनोच घ्यायची होती तर दोन गोष्टी लेखी हव्या होत्या: विक्रीच्या सूचनेची पोच, आणि मिसफायरची मोजणी. चाचणीच्या दिवशी साध्या काडतुसांत शंभरात तीन मिसफायर झाले होते. ते ‘काडतूस जुनं असेल’ म्हणून सोडून दिले. पुढे गनस्मिथने पिनची स्प्रिंग बदलली तेव्हा ते शंभरात एकाच्याही खाली आले. म्हणजे दोष रायफलीत होता, आणि भाव करताना तो सांगता आला असता.

ठाण्यात जमा करतानाचं काम अर्ध्या तासाचं आहे. नळीत तेलाचं कापड फिरवायचं, बाहेरून पुसून तेलाचा हात द्यायचा, स्पंजची पेटी घरी ठेवायची आणि रायफल सुती कापडाच्या सैल पिशवीत द्यायची. पावतीवर क्रमांकासोबत ‘गंज नाही’ असं लिहून घ्यायचं. परत घेताना पहिली गोळी मारण्याआधी कोरडं कापड फिरवायचं, कारण तेलाने भरलेल्या नळीतून गेलेल्या पहिल्या गोळ्या कुठेही जातात.

बारा बोअर अजून अण्णांच्याच नावावर आहे. आतून गंजलेल्या ब्रनोची नळी बदलायची, की ती विकून दुसरी घ्यायची, हे आता त्यांच्या हिशेबातल्या त्या एका जागेवर अडलं आहे. या वेळी विक्रीच्या पत्राची पोच मात्र आधीच घेऊन ठेवली आहे.